समोरच्या बाकावरून

प्रिय नेस्ट,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. मार्चपासून तू माझ्याशी बोलली नाहीस आणि त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही. इंग्लंडच्या पोरींना फुटबॉल शिकवायची नोकरी घेतल्याचं सांगायला मी आले, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," आणि उकळती किटली बंद केलीस. आपल्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच बाहेर पडले.

गावानंही कसर ठेवली नाही. इथं वेल्समध्ये अर्धं गाव जोन्स, म्हणून माणूस ओळखायचा तो धंद्यावरून. आपले बाबा 'जोन्स पाव', खाटीक इड्रिस 'जोन्स मटण', आणि मी इतकी वर्षं 'मेरेरिड फुटबॉल'. ईस्टरला आले तर इड्रिस दुकानाच्या दारातूनच ओरडला, "काय गं मेरेरिड इंग्लंड! मटण आपल्या पद्धतीनं तोडू, की साहेबांच्या?" रांगेतल्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, आणि गाडीत बसल्यावर रडले.

बाबा असते तर त्यांनी हसण्यावारी नेलं नसतं. आठवतं ना, पुरुषांच्या क्लबनं टाकून दिलेले, गुडघ्यापर्यंत येणारे शर्ट घालून आपण सगळ्या पावाच्या गाडीत, ट्रे बाजूला सारून बसायचो. समोरच्या संघातल्या पोरी चिडवायच्या, "आले बघा, ताजे पाव आले!" तू गोलमध्ये, मी डावीकडे. हरून परतताना बाबा वाटभर शब्द काढायचे नाहीत आणि गाव दिसायला लागलं की म्हणायचे, "जगात कुणाकडूनही हरा गं, फक्त इंग्रजांकडून नको." मला वेल्सचा पहिला लाल शर्ट मिळाला तेव्हा त्यांनी तो आठवडाभर दुकानाच्या काचेत टांगून ठेवला होता, आणि गिऱ्हाइकाला पाव देण्याआधी शर्ट दाखवायचे. त्या माणसाची मुलगी मी. आता इंग्रजांचं राष्ट्रगीत चालू असताना ओठ मिटून उभी राहते आणि कॅमेरा जवळ आला की बुटांकडे बघते.

नोकरी घेण्यामागे काही उदात्त कारण नव्हतं. वर्षानुवर्षं दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली घासली आणि संध्याकाळी चिखलात पोरी घडवल्या. मग कुणीतरी म्हणालं, तेच काम दिवसाउजेडी कर आणि त्यावर पोट भर. मला मोह झाला, बस. त्याची लाज वाटत नाही असं मी स्वतःला बजावत होते. पण शनिवारी रेक्सममध्ये सिवान समोरून लाल शर्टात धावत येणार हे कळलं आणि माझं बजावणं थांबलं. तुझी लेक, तिचा पहिला मोठा सामना, तोही इंग्लंडशी, आणि तिला चेंडू अडवायला शिकवणारी मावशी समोरच्या बाकावर.

तिनं माझ्याशी बोलणं थांबवलेलं नाही, हे तुला ठाऊक नसेल. रागावू नकोस. रविवारी शिबिरातून तिचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच विचारलं, "मावशी, तुझा गुडघा पहिल्यांदा गेला, त्याच्या आधी कसं व्हायचं गं?" जिना उतरताना तिचा डावा गुडघा लटकन निसटतो. संघाच्या डॉक्टरला तिनं पोटरीत गोळा आलाय म्हणून सांगितलंय, आणि पहाटे इतर उठायच्या आत स्वतःच पट्टी बांधते. म्हणाली, "आईला सांगायचं नाही हं. डॉक्टरला तर नाहीच. आणि तुझ्या त्या पांढऱ्या शर्टवाल्यांना सांगितलंस ना, तर तू माझी कुणी नाहीस." आणि वर हसली. मी "बरं" म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

मंगळवारी आमच्या बैठकीत मुख्य प्रशिक्षक पॉलानं मला विचारलं, "ती डावीकडची पोरगी तुझी भाची ना? तिचं काय करायचं?" मी म्हणाले, वेगवान आहे, मोकळी सोडू नका. एवढं तर जगाला दिसतं. बाकी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. ज्यांचं मीठ खाते त्यांच्यापासून लपवलं म्हणून अपराधी, आणि 'मोकळी सोडू नका' म्हणून दोन दांडगट पोरी त्याच गुडघ्यावर सोडल्या म्हणूनही अपराधी. वेल्सच्या डॉक्टरला फोन करावा म्हटलं, नंबरही काढला. पण सामन्याच्या तोंडावर इंग्लंडच्या बाकावरची बाई सांगते की तुमची सगळ्यात चपळ पोरगी बाहेर बसवा! ती डॉक्टरीण म्हणाली असती, "मेरेरिड, डाव छान आहे हं." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

नेस्ट, माझा गुडघा निसटायचा तेव्हा ते फक्त तुला माहीत होतं. शपथ मीच घातली होती. स्वान्सीच्या मैदानाबाहेर, पावाच्या ट्रेंच्या आडोशाला, पिठाच्या पोत्याचं फडकं फाडून तूच तो करकचून बांधलास आणि जाऊन गोलमध्ये उभी राहिलीस. उत्तरार्धात मी पडले. तो आवाज गोलपर्यंत ऐकू आला असं तू एकदाच म्हणालीस, परत कधी नाही. चोविसाव्या वर्षी माझं खेळणं संपलं. मी तुला कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. पण मी लंगडत आत आले की तू जागची उठून मला खुर्ची देतेस, अगदी मार्चमध्ये चहा दिला नाहीस तेव्हाही दिलीस, ते मला कळतं.

म्हणून हे पत्र. तू मला दिलेला शब्द पाळलास, मी सिवानला दिलेला मोडते आहे. तिच्या डॉक्टरला तू फोन कर. माझं कुणी ऐकणार नाही, पण आईचं ऐकावंच लागेल. पोरगी तुझ्यावर चिडेल, माझं तर तोंडही बघणार नाही, चालेल. आणि हाही इंग्लंडचा डाव असं तुझ्या मनात येऊ नये, म्हणून आज सकाळी पॉलाला सांगितलं की शनिवारी मी बाकावर नसेन. तिनं विचारलं, "घरचं काही?" मी म्हटलं, घरचंच. नोकरी राहील असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. हे पत्र टपालात टाकायला वेळ नाही, तुझ्या दारातून आत सरकवते आहे. मी खाली चॅपलपाशी गाडीत बसले आहे. आधी डॉक्टरला फोन कर. मग वाटलं तर मला हाक मार, नाही वाटलं तर पडदा ओढून घे, मी समजेन.

तुझीच,
मेरेरिड