मैनाआत्याचं रस्ता ओलांडायचं ताट

नारायण पेठ, गुरुवार सकाळ

ती. विजयमालाताईस,

अनंताचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहा अंगं टेकली आहेत, गुडघे दोन्ही संपावर आहेत.) कोल्हापुरात तुझी आणि भाऊजींची तब्येत उत्तम असेलच. पत्र लिहितोय, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हो ताई’ म्हणतो. कागदावर ती सोय नाही.

आधी दुःखद बातमी, मन घट्ट कर. आमच्या बसथांब्यावर नवा बाक आला आणि तो भिंतीकडे तोंड करून बसवला गेला. देणगीदाराच्या नावाची पाटी मात्र रस्त्याकडे आहे; त्या सगळ्या प्रकारात सरळ बसलेली तेवढीच एक गोष्ट. पेठेतली समस्त वडीलधारी मंडळी पाठमोरी बसून मूळव्याधीच्या जाहिरातीचं सामुदायिक वाचन करतात आणि मागून बस निघून जाते. तक्रार केली तर उत्तर आलं की बाक मिळाल्याबद्दल आभार मानणारे आपण पहिलेच. (मी आभार मानले नव्हते. पण खुलासा करायला परत रांगेत कोण उभं राहणार?)

तर तुझ्या आईबद्दल, म्हणजे आमच्या मैनाआत्याबद्दल. वय अठ्ठ्याहत्तर, दर गुरुवारी धायरीला बायडाबाईकडे बसनं एकटी जाते, हे कळल्यावर तू ‘रिक्षा, नाहीतर घर’ असा हुकूम काढलास. ताई, धायरी म्हटलं की रिक्षावाला आपल्याकडे असं बघतो, की जणू आपण त्याची मुलगी मागितली. म्हणजे उरलं घर. बायडाबाई तुला आठवत असेल. तीस वर्षं धायरीहून भाजीची पाटी घेऊन आपल्या दारी यायची, आणि मेथीच्या जुडीवरून दोघींचं जे भांडण सुरू झालं त्याचीच पुढे मैत्री झाली. आता तिला दारापर्यंतसुद्धा चालवत नाही. ‘तीस वर्षं ती आली, आता माझी पाळी,’ एवढंच आत्या म्हणते. पुढे वाद घालायला ती थांबत नाही, चपला शोधते.

तू विचारशील, रस्ता कसा ओलांडते? तो एकेरी आहे, म्हणजे वाहनं दोन्हीकडून येतात. फूटपाथवरूनही येतात, फक्त ती हॉर्न वाजवून येतात हा त्यांचा विनय. मागच्या महिन्यात ज्येष्ठ नागरिक संघात काही मुलं-मुली पाहणी करायला आली होती. प्रश्न होता: रस्ता ओलांडताना आपल्याला किती सुरक्षित वाटतं? पर्याय चार. आत्या म्हणाली, ‘बाळ, ओलांडल्यावर सांगते.’ निवृत्त बुकबाइंडर अय्युबभाईंनी पाचवा पर्याय छापून आणायची तयारी दाखवली. आणि मग आत्यानं भर सभेत आपलं गुपित फोडलं. ती हातात पूजेचं ताट धरते. त्यात नारळ, वर विणलेला रुमाल. सिग्नलला न थांबणारा पुणेकर ताटाला थांबतो. काही जण गाडीवरूनच नमस्कार करतात. कुठल्या देवळात निघालात, हे दोन वर्षांत एकानंही विचारलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी अकरा म्हातारे अकरा ताटं घेऊन हजर. (अय्युबभाईंच्या रुमालाखाली चष्मा आणि वर्तमानपत्र होतं. ते कुणाला फसवत नाहीत, विचारलं तर दाखवतात.) वाहतूक अशी थांबली की चौकात चिमण्या ऐकू आल्या. हवालदार धावत आला, मिरवणुकीची परवानगी कुठाय म्हणाला. आत्या म्हणाली, ‘मिरवणूक नाही हो, रस्ता ओलांडतोय. त्याला परवानगी लागत असेल तर तीही काढते.’

मी तुझ्या आज्ञेप्रमाणे लक्ष ठेवायला दहा पावलं मागे होतो. रिकाम्या हातानं. ताटं पलीकडे पोचली, वाहतूक सुटली, आणि मी मधोमध खांबासारखा उभा. आत्या ताट घेऊन मला न्यायला परत आली. तेवढ्यात एक टेंपो अंगावर आला, मी घाबरून ताटालाच धरलं आणि नारळ घरंगळत त्याच्या चाकाखाली गेला. टेंपो नेमका त्याच दिवशी घेतलेला होता. चालकानं उतरून आत्याच्या पाया पडून आभार मानले. आत्या मला फक्त म्हणाली, ‘अनंता, नारळ माझा होता.’

बसमध्ये कंडक्टर तिला ‘पुढे व्हा ताई’ म्हणाला आणि मला ‘बसा आजोबा, ज्येष्ठांची सीट आहे.’ मी चोपन्न वर्षांचा आहे, हे सांगायचा विचार होता. पण जागा बरी होती.

बायडाबाई ओसरीवर दोन खुर्च्या टाकून बसली होती. दुसरी खुर्ची पुसलेली. आत्याला बघून म्हणाली, ‘आलीस व्हय? मला वाटलं लेकीनं दावं बांधलं. आन् ह्यो कोन?’ आत्या म्हणाली, ‘माझा भाचा. एकट्याला घरी कसा सोडू, म्हणून घेऊन आले.’ त्यानंतर दोन तास मेथीच्या त्या जुडीवर चर्चा झाली. निकाल लागलेला नाही.

काळजी नसावी. आत्या आता बसनं जात नाही.

तुझा,
अनंत

ता. क. शेवटचं वाक्य भाऊजींना वाचून दाखवायला लिहिलं आहे. ते खोटं आहे.

ता. क. दुसरा. मुख्य काम राहिलंच. दिवाळीत ‘जपून ठेवते’ म्हणून तू आत्याचं आधार कार्ड घेऊन गेलीस. ज्येष्ठांच्या बसपासच्या खिडकीवर तेच मागतात, हे तुला ठाऊक होतं, हे आत्यालाही ठाऊक आहे. रजिस्टर्ड पोस्टानं पाठव. पाठवणार नसशील तर एका गुरुवारी ये आणि मी जिथे उभा होतो तिथे उभी राहा. न्यायला ती येईल.

ता. क. तिसरा. हे त्याच बाकावर बसून लिहितोय. आत्ताच आत्या निघाली, एकटी. तोंड भिंतीकडे असल्यानं ओलांडताना दिसली नाही. सगळे ब्रेक एकदम लागल्याचं तेवढं ऐकू आलं. तो नारळ गेल्यापासून ती रुमालाखाली पालथी वाटी ठेवत होती. आज ती चपला शोधत असताना मी वाटी काढून मंडईतून आणलेला नारळ ठेवला. ताट उचलताना तिला जड लागलं असणार. तिनं रुमाल तेवढा नीट केला.