चेहरा नसलेला कंदील

किलगारिव, मेयो
२९ सप्टेंबर १९७४

ती. ऑइनदादास,
डेर्वलाचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. तिकडे लिमरिकमध्ये तुला सगळे फादर म्हणत असतील. आई अजून विचारते, तो लोकरीचे मोजे घालतो ना?

बाबांच्या मागे मी सांभाळते त्या कारखान्यात सध्या होड्या नाहीत, कंदील आहेत. वेस्टपोर्टच्या एका हॉटेलला हॅलोविनसाठी लाकडी कंदील हवेत. चार खांब, पातळ फळ्या, फळीत बारीक करवतीने कापलेली नक्षी, आतून तेल लावलेला कागद आणि तळाला मेणबत्तीपुरता पत्रा. नक्षी म्हणजे घुबडं, मांजरं आणि दात विचकणारी तोंडं. काल एक तोंड हुबेहूब तुझ्यासारखं झालं. ते मी विकणार नाही.

आता खरी गोष्ट. मंगळवारी आई चहा घेऊन आली, तिथेच फळ्यांवर बसली आणि म्हणाली, एक मला कर. पण त्याला तोंड कापू नकोस, बाळ घाबरेल. मला वाटलं म्हातारी भरकटली. ती भरकटली नव्हती. दादा, आपल्या दोघांच्या आधी आईला एक मुलगी झाली होती. श्वास न घेताच जन्मली. बाप्तिस्मा नाही, म्हणून दफनभूमीत जागा नाही. बाबांनी स्वतः पेटी केली, काखेत घेतली आणि एकटे लिसीनवर जाऊन पुरून आले. समुद्राकडचा तो माळ रे, जिथे आपण खेळायला गेलो की आई बडवून काढायची. तिथला एकेक दगड म्हणजे असंच पुरलेलं एकेक बाळ, आणि आपण त्या दगडांवरून उड्या मारायचो.

हॅलोविनला मेलेली माणसं घरी येतात; डोळे उघडून घर पाहिलंच नाही तिनं, तिला वाट कोण दाखवणार, असं आई म्हणते. तिला त्या संध्याकाळी लिसीनवर दिवा ठेवायचाय. मी हो म्हटलंय. तू ये, आणि तिथे प्रार्थनेचे दोन शब्द म्हण.

मायेत कसूर नको, मोज्यांतही नको.
तुझी डेर्वला

*

लिमरिक
८ ऑक्टोबर १९७४

चि. डेर्वलास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. शेवटी एका लग्नाच्या नोंदीत नवऱ्याच्या जागी नवरीच्या बापाचं नाव लिहून बसलो.

आईसाठी जीव तुटतो. पण तू मागतेस ते माझ्या हातात नाही. ती जमीन चर्चने पवित्र केलेली नाही. तिथे प्रार्थना म्हणायची तर तुमच्या फादर हॅनरटींची परवानगी हवी, आणि त्यांचाच काल मला फोन आला. पोस्टातल्या पेगीनबाईंनी तुझ्याकडे कंदील सांगितला, मग आणखी काही घरांतून मागणी आली, हे त्यांच्या कानावर गेलंय. त्यांच्या मते ही मिरवणूक झाली. जे कधीच मिटलंय ते उकरू नका, असं तुम्हाला समजवायला त्यांनी मला सांगितलं.

मी इथे त्या बाळासाठी रोज प्रार्थना करतो आहे. आईला घरीच, खिडकीत दिवा लावू दे. देवाला खिडकीतलाही दिसतो. करवत हातात घेतलीस की फळी संपेपर्यंत तू थांबत नाहीस, ठाऊक आहे. या वेळी थांब.

रागावलीस तरी चालेल, दुरावू नकोस.
ऑइन

*

किलगारिव
१९ ऑक्टोबर १९७४

ती. दादास,
नमस्कार, नेहमीचाच.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. तुझं पोट बिघडलंय म्हणून थोडक्यात लिहिलंस, असं सांगितलं. ती तुझ्यासाठी आल्याचा काढा पाठवायला निघाली होती, कसंबसं थांबवलं.

मिटलंय म्हणे. कुणाचं मिटलंय? पेगीनबाईंनी जन्मात कुणाला गोड शब्द दिलेला तुला आठवतो? त्या कारखान्यात आल्या, दार लावून घेतलं, आपल्या बाळासाठी हंसाची नक्षी मागितली आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या. खेकडे पकडणारा म्हातारा कोलम आला. जुळ्यांसाठी एकच कंदील हवा, पण त्याला खिडक्या दोन कर, म्हणाला. ही माणसं वर्षानुवर्षं शेजारी राहिली आणि एकमेकांशी कुणी याबद्दल बोललं नाही. हॉटेलला मी कळवून टाकलंय, यंदा मांजरं मिळायची नाहीत.

रविवारी फादर हॅनरटी प्रवचनात भुताखेतांच्या नादाबद्दल बोलले. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मी छताकडे पाहिलं. सोमवारी ते स्वतः इथे आले. त्या संध्याकाळी लिसीनच्या फाटकाशी उभा राहीन आणि कुणाला आत जाऊ देणार नाही, म्हणाले. आई कोपऱ्यात कागदाला तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, उभे राहा, फादर. मी कुंपणाला वळसा घालून जाईन. मला घाई नाही, आणि काठी आहे.

तिच्या कंदिलावर मी कड्यावरची गुलाबी फुलं कापली आहेत. वाऱ्याकडच्या बाजूला दुहेरी फळी लावली आहे, तिथला वारा तुला माहीत आहे. तू येणार नसशील तर नको येऊस. पण आम्हाला थांबवायला पुन्हा पत्र लिहू नकोस.

तुझ्यावरचा जीव अजून उडालेला नाही, एवढं समज.
डेर्वला

*

लिमरिक
६ नोव्हेंबर १९७४

चि. डेर्वलास,
आशीर्वाद देऊ की मागू, कळत नाही.

हॅलोविनच्या रात्रीच घाईत निघालो, तुझ्याशी धड बोललोही नाही. त्या संध्याकाळी तू मागे कंदिलांची हातगाडी ओढत होतीस, म्हणून पुढे काय झालं ते तुला दिसलं नसेल. मी येणारच नव्हतो. आलो तरी गाडीत बसून लांबून पाहायचं ठरवलं होतं. गळ्यातली पाद्र्याची पांढरी पट्टीसुद्धा काढून खिशात घातली होती.

मग आई दिसली. एका हातात काठी, एका हातात तो फुलांचा कंदील. फादर हॅनरटी फाटकाला पाठ लावून उभे होते. ती खरंच कुंपणाच्या कडेकडेने, काट्यांतून वळसा घालायला लागली. मी पट्टी पुन्हा गळ्यात घातली आणि गाडीतून उतरलो. मला पाहून हॅनरटींच्या जिवात जीव आला. तुम्हीच समजवा यांना, म्हणाले. मी त्यांच्या बाजूने हात घालून फाटकाची कडी काढली आणि आईला हाक मारली. मला वाटलं होतं ते अडवतील. ते माझ्याकडे पाहत बाजूला झाले.

आई कुणाला न विचारता सरळ काटेरी झाडाखालच्या दगडाशी गेली. समुद्रावरून शेवाळ आणायला ती नेहमी या माळावरच्या लांबच्या वाटेनं का जायची, ते मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. ईता, ही तुझी धाकटी भावंडं, असं ती त्या दगडाला म्हणाली तेव्हा तू पोहोचली होतीस. प्रार्थनेचे शब्द मी आयुष्यभर म्हणत आलोय. त्या वेळी एकही धड आठवेना. पेगीनबाईंनी सुरुवात करून दिली म्हणून निभावलं. सगळा माळ उजळला होता आणि तुझा एकही कंदील विझला नाही, हे तुझ्यातल्या कारागिराला सांगायलाच हवं.

काल बिशपांनी बोलावलं होतं. हॅनरटींचं पत्र त्यांच्यासमोर होतं. दुसऱ्याच्या हद्दीत, परवानगीविना, कोणत्या नात्याने गेलात, असं त्यांनी विचारलं. बहुधा माझी बदली होईल, कुठे ते माहीत नाही. आईला इतक्यात सांगू नकोस.

मी म्हणालो, धाकटा भाऊ म्हणून.

तुम्हा तिघींचा,
ऑइन