पिंपळीच्या तक्त्यात न आलेलं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला थांबावं लागतं. एक वाक्य मात्र न थांबता ऐकू येतं. "विचारायचं, लिहायचं, शिकवायचं नाही." बारामतीतल्या तुमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत छापील तक्ते माझ्या पुढ्यात ठेवून तुम्ही ते म्हणाला होतात. कऱ्हाटी कोरडवाहू, पिंपळी कालव्याखालची. दोन्ही गावांतल्या गरोदर बायकांची नावं टिपायची, बाळंतपणानंतर पुन्हा जायचं. नाळ कुणी कापली, कशानं कापली, बाराव्या दिवशी मूल आहे की नाही, एवढं लिहायचं. कालव्याच्या पाण्यानं पोरं जास्त जगतात का, हा तुमचा प्रश्न होता. मध्येच आपण काही शिकवलं तर उत्तर खोटं पडेल, हे तुम्ही समजावलंत आणि मला पटलंही. नवरा गेलेला, शाळेतली तात्पुरती नोकरी सुटलेली, अशा मला तुम्ही काम दिलं होतं. तुमची मला भीती वाटायची. काम जाईल याची त्याहून जास्त.

महिन्याभरात तक्ते भरताभरताच मला कळून चुकलं होतं, की विळ्यानं नाळ कापलेली पोरं सातव्या-आठव्या दिवशी आखडून दगावतात. एका सकाळी कऱ्हाटीत टिपलेल्या एका घरी गेले, तर सून कळा देत होती. सासू म्हणाली, "आलात ते बरं झालं, धरा हिचा खांदा." मी तक्ता पिशवीत टाकून खांदा धरते. मुलगी होते, चांगली मोठ्यानं रडते. म्हातारी कुडाला खोचलेला विळा काढते. सकाळी त्यानंच जनावरांना कडवळ कापलेलं, पात्याला अजून हिरवं चिकटलेलं आहे. ती ते पदराला पुसते. चुलीवर पाणी उकळतंय, मी फक्त हात लांब करायचा आहे. "सुटली बाय माझी," म्हातारी हसून म्हणते.  मी खांदा धरूनच राहते, आणि ती नाळ कापते.

आठव्या दिवशी गेले तेव्हा मुलीचा जबडा मिटला होता. कुणाची चाहूल लागली तरी तिचं अंग ताठ व्हायचं. तिची आई म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. हिला काय झालंय, ठावं आसंल की तुमास्नी?" मी नाही म्हटलं. दोन दिवसांनी, मुलगी गेल्यावर, तो तक्ता तुमच्या टेबलावर ठेवला, तर तुम्ही वर न बघता म्हणालात, "अक्षर नीट काढ गं, वाचता येत नाही." मी तो तक्ता पुन्हा नीट अक्षरात लिहून दिला.

मग कऱ्हाटीच्या फेऱ्या संपून पिंपळीच्या सुरू झाल्या. पहिल्याच घरात रस्त्याकडे बघून मी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हटलं, "मावशी, विळा पाण्यात चांगला उकळा, मगच नाळ कापा. पण मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नका."

"का वो? चोरीचं हाय का काय?"

"व्हय," मी म्हटलं.

असं मी घरोघर सांगत गेले. वाटेवर टांग्याचा आवाज आला की मी पिशवीतून तक्ता काढून हातात धरायची, तुम्हीच तपासायला आलात असं वाटून. मावश्यांनी माझं गुपित राखलं. विळा उकळला का, असा रकाना तक्त्यात नव्हताच. त्यामुळे तक्ते मांडल्यावर दिसलं ते इतकंच, की विळा दोन्हीकडे सारखा आणि पिंपळीची पोरं जगलेली. तुम्ही चष्मा काढून मला विचारलंत, "पिंपळीत असं काय असेल गं?"

"पाणी असेल, बाई," मी म्हटलं.

तुमचा माझ्यावर विश्वास होता. अहवाल तुम्ही सांगितलात, मी तो सुवाच्य अक्षरात उतरवला. कालव्याखालच्या गावांत सुईणींच्या शिक्षणाची तितकी निकड नाही, हे वाक्यही मीच लिहिलं. पुढं कोरडवाहू गावांत सुईणींचे वर्ग निघाले, कऱ्हाटीतसुद्धा निघाला. कालव्याखालच्या वडगावात नाही, खाली इंदापुरापर्यंत कालव्याच्या एकाही गावात नाही. मला नंतर इंदापूरच्या शाळेत नोकरी लागली. तिथं कुणाचं तान्हं आठव्या दिवशी आखडलं असं कानावर आलं की मी वर्गात मुलींकडे पाठ करून फळ्यावर काहीतरी लिहीत राहायची.

त्या मुलीसाठी गप्प राहिले ते चुकलं की पिंपळीत बोलले ते चुकलं, हे मला अजून ठरवता येत नाही. पिंपळीतल्या एकाही घरात गप्प बसायला हवं होतं, असं काही केल्या वाटत नाही. चुकलं ते तुमच्यासमोर. तुम्ही चष्मा काढून थांबला होतात, तेव्हा खरं सांगितलं असतं तर तुम्ही चिडला असता, मला काढून टाकलं असतं, आणि अहवालात ते वाक्य आलंच नसतं. बारामतीला येऊन सांगायचं मी दर सुट्टीत ठरवायची आणि दर सुट्टीत काहीतरी निघायचं. एका दुपारी शाळेत निरोप आला, तुम्ही तापानं गेलात म्हणून.

हे पाठवायला पत्ता नाही म्हणूनच लिहायचा धीर झाला. बाई, त्या दुपारी मी खूप रडले. पण रडू यायच्या आधी, क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.