गुरुवारच्या पाण्याची पाळी

मी, खाली सही करणार निकोलासा आयाविरे, कै. एउलोहियो कोल्के यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, धंदा शेती व शेळ्या, राहणार पुरिकाल, अताकामाचे वाळवंट, चिली, हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे, की माझा खुबा मोडला आहे, डोके मोडलेले नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. माझ्यावर डोळे वटारण्याइतके जुने माणूस गावात एकच उरले आहे, बोनिफासियो. त्याचा मजकूर पुढे येईल.

राहते घर माझी एकुलती मुलगी रोसेंडा, राहणार आंतोफागास्ता, हिला द्यावे. भिंती मातीच्या, छत निवडुंगाच्या लाकडाचे. पाडू नये असे लिहिणार होते, पण मेलेल्या माणसाने जिवंताच्या अंगणात किती लुडबुड करावी? पाडायचे तर पाड. फक्त समोरच्या हॉटेलासारखे करू नकोस. त्यांनी सिमेंटच्या भिंती बांधून वरून माती लिंपली आणि पाहुणे तिला टेकून फोटो काढतात. आम्ही मातीच्या भिंतींना सिमेंट मिळावे म्हणून जन्मभर जीव टाकला.

शेळ्या विकून माझ्या अंत्यविधीचा खर्च भागवावा. विणायचा माग व चात्या नातीला. मोठे तांब्याचे पातेले गावच्या सान रोके संताच्या देवळाला, सणाच्या स्वयंपाकासाठी. मात्र मागच्या सणाला माझ्या मक्याच्या रश्शात मीठ कमी आहे असे म्हणणाऱ्या बाईला त्यातले शेवटी वाढावे. ती कोण हे तिला माहीत आहे.

गाव बदलले म्हणून मी गळा काढणारी बाई नाही. पूर्वी दाढ दुखली तर खेचरावर बसून कण्हत कालामा शहर गाठावे लागे. आता गावात दवाखाना आहे. नळाला गरम पाणी येते, ते मला फार आवडते. खाणीत गेलेली पोरे पाहुण्यांना गाडीतून फिरवायला परत आली, घरांत पुन्हा दिवे लागले. आता आपलेच तारे बघायला तिकीट लागते, त्याचेही मला हसू येते. पण खालच्या अंगाचे नासपतीचे मळे वाळले ते मला सहन होत नाही. ज्याने त्याने आपली पाण्याची पाळी हॉटेलांच्या पोहण्याच्या टाक्यांना विकली. पाण्याविना हे गाव म्हणजे नुसती वाळू, आणि वाळू काय, सगळीकडे आहे. माझा या गावावर जीव आहे. नवऱ्यावर होता त्याहून जास्त, आणि हे त्यालाही ठाऊक होते.

आता पाटाच्या पाण्याची गुरुवारची माझी पाळी. ती कायद्याने माझ्या नावावर आहे व विकता येते. ईस्टरला रोसेंडा म्हणाली, "आई, हॉटेलवाले मागतायत तर देऊन टाक ना. आणि चल माझ्याकडे."

"आणि माझी नासपतीची झाडं गं?"

"मेली तर मेली झाडं! तू जगायला हवीस मला."

पोर मायेने बोलली. मी तिला दोष देत नाही. पाळी मात्र तिला आत्ता देत नाही.

बोनिफासियो येरे हा पाटावर माझ्या खालचा शेजारी. आमचे वैर तरुणपणापासूनचे. माझ्या गुरुवारी हा दगड सरकवून पाणी आपल्या वाफ्यात घ्यायचा आणि मी फावडे घेऊन धावायची. "चोरा!" म्हटले, की हा म्हणणार, "चोर कुणाला म्हणतेस? पाणी आपल्या पायानं उताराला आलं!"

आमचा रिवाज असा, की पेरणीआधी सारे गाव मिळून पाटातला गाळ काढते. पाटकरी घरोघरची नावे पुकारतो. फावडे घेऊन "हजर" म्हणणारे कोणी नसेल, तर त्या घराची वर्षाची पाळी खालच्या शेजाऱ्याला जाते. गेल्या वर्षी मी खुबा मोडून इस्पितळात होते, रोसेंडा माझ्या उशाशी. पाटकऱ्याने माझे नाव पुकारले. बोनिफासियोने तोंड मिटून उभे राहायचे होते, एवढेच. जन्मभर ज्या पाण्यासाठी भांडला ते आयते मिळत होते.

तो ओरडला, "हजर!" आणि आपल्या त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्याने माझ्या वाट्याचाही गाळ काढला.

मी घरी आले तेव्हा दारात येऊन म्हणाला, "तुझ्या वाट्याचा गाळ तुझ्यासारखाच, म्हातारे. चिवट."

"मग काढलास कशाला? गप्प बसायचं होतंस."

"आणि भांडू कुणाशी? वरच्या अंगाला सगळी हॉटेलं. त्यांना शिव्या घातल्या तर फोटो काढतात."

मी त्याच्यासमोर हसले नाही. तो गेल्यावर रडले.

सबब गुरुवारची पाळी बोनिफासियोच्या हयातीपर्यंत त्याच्या हवाली करते. त्याने ती विकू नये, गहाण टाकू नये. आधी माझी झाडे भिजवावी, मग आपली. तो उलटे करणार हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवते. लाभ घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून तो आत्ता बाहेर ओट्यावर बसून कुरकुरतो आहे. आत काय लिहिले ते त्याला कळलेले नाही.

त्याच्यामागे पाळी रोसेंडाची, पण ती फावडे घेऊन पाटावर आली तरच. पाटकऱ्याने माझे नाव वगळू नये, दरवर्षी पुकारावे. बोनिफासियो आहे तोवर तो ओरडेल. मग एखाद्या वर्षी नाव पुकारले जाईल आणि कोणीच बोलणार नाही.

रोसेंडा, फावडे दाराच्या मागे आहे.

हे मला वाचून दाखवले, ते माझेच बोलणे आहे, म्हणून सही केली.

निकोलासा आयाविरे

साक्षीदार:
मार्सेलिनो पानिरे, पाटकरी
देइदामिया साइरे, दवाखान्यातील परिचारिका
इलारियो आन्सा, देवळाची देखभाल करणारा

ठिकाण: पुरिकाल
तारीख: १४ जुलै २०२३