खुर्चीत गिऱ्हाईक

प्रिय दादा,

कालपासून माझं डोकं बधिर झालंय. आमचा वेल्डर दोनदा म्हणाला, ताई, जरा बसा, तोंड पांढरंफटक पडलंय. बसले, पण खुर्चीत बसायचीच भीती वाटली. का, ते सांगते. मध्येच चिडू नकोस, आणि हे वहिनीच्या आधी तूच वाच.

बाबांनंतर तू त्यांचं सलून धरलंस, मी भंगारात शिरले. लोकांनी टाकलेल्या जुन्या वस्तू आणायच्या, त्यांचे दिवे, टेबलं, कपाटं करायची आणि हॉटेलवाल्यांच्या गळ्यात मारायची. बाबा म्हणायचे, पोरगी भंगाराला पावडर लावते. आमचा एक नियम आहे. वस्तू आली की आधी ती उलटी करायची. सरळ दिसली की ती काय होती तेच डोक्यात बसतं आणि नवीन काही सुचत नाही. आता भंगारवालासुद्धा माझा माल गाडीतून उलटाच उतरवतो.

मध्यंतरी त्याच्याकडून एका खुर्चीची पाठ आली, दोन्ही हातांसकट. बैठक आणि पाय त्याने आधीच मोडीत घातले होते. खाली लोंबणारी चामड्याची उशी बघून मी ठरवून टाकलं, दातांच्या डॉक्टरची असेल. उशीच्या एका बाजूला बारीक चिरा होत्या. मागे बल्ब धरला तर त्यांतून असा उजेड पाझरला की मी जाम खूश. एकही चीर बुजवू दिली नाही. खुर्चीचा एक हात कशाने तरी कुरतडलेला होता. पॉलिशवाल्याला म्हटलं, उंदीर असेल, राहू दे, तेवढीच शोभा. मग ती पाठ तशीच उलटी ठेवून तिचा भिंतीवरचा दिवा केला.

काल एक सजावटवाली बाई आली. दिवा तिला फार आवडला, फक्त म्हणाली, जरा फिरवून लावता का, बघू कसा दिसतो. वेल्डरने फिरवला. आणि दादा, भिंतीवर बाबांची खुर्ची उभी राहिली, पोटात बल्ब घालून. उंदीर कसला, तूच. लहानपणी बाबा पहिल्यांदा तुझे केस कापत होते तेव्हा तू आपल्याच दुकानाची खुर्ची चावलीस, हे आईने येईल त्याला सांगितलंय.

आधी रागच आला. बाबांची खुर्ची मोडीत काढलीस आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस? दर रविवारी मी फोन करते, तू म्हणतोस, फणे, खुर्चीत गिऱ्हाईक आहे, मग बोलू. मागच्या रविवारीही हेच म्हणालास. तेव्हा ती खुर्ची माझ्यासमोर उलटी टांगलेली होती आणि मी तिची वायर ओढत होते.

मग त्या चिरांकडे नीट पाहिलं. सगळ्या उशीच्या उजव्या कडेला, माणसाचा कान येतो तिथे. कडा ताज्या, आतलं चामडं अजून मळलेलंही नाही. बाबांनी जन्म त्या खुर्चीपाशी उभं राहून काढला, पण उशीला कधी वस्तरा लागला नाही. वस्तरा कानाशेजारी घसरतो तो कशाने, हे मला कुणी सांगायला नको. मागच्या भेटीत तू चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होतास. मी चेष्टा केली, म्हातारा झालास म्हणून. तू हसलास, आणि मला खरंच काही कळलं नाही.

दिवा विकला नाही. बाई रुसून गेली, जाऊ दे. बल्बही काढून टाकला, त्या चिरांतून येणारा उजेड बघवेना. हे सगळं फोनवर विचारलं असतं, तर तू पुन्हा खुर्चीत गिऱ्हाईक बसवलं असतंस. म्हणून हे पत्र. शनिवारी मी येतेय. दुकान का बंद केलंस ते विचारणार नाही, कुणाला किती लागलं तेही नाही. फक्त दार उघडशील तेव्हा हात पाठीमागे लपवू नकोस. मला ते माझ्या हातात घेऊन बसायचंय.

बाबांची खुर्ची न ओळखणारी, पण तुझीच,
फणी