मले असंच बरं दिसते

भद्रावती

प्रिय प्रफुल,

पत्र आलंय म्हटल्यावर हसशील. दोन वर्षं मेलला उत्तर न देणाऱ्याला पोस्टाने गाठायचं, हे खूळ माझंच. तुमच्या धानोऱ्याला पोस्टमन वेळेवर येतो की नाही, ठाऊक नाही. पण तू हल्ली कॉम्प्युटर उघडतच नाहीस असं कळलं, मग दुसरं काय करणार.

आपली ‘मांडणी’ चालू आहे. आमच्या घरच्या खडखड्या पंख्याखाली बसून दोघांनी लिहिलेला, लोकांचा वेडावाकडा कोड नीट ओळीत लावणारा तो प्रोग्राम आता बरेच जण वापरतात. भांडण कोडमधल्या बाणाच्या चिन्हावरून झालं होतं, आठवतं? बाणाखाली एकेक पायरी, म्हणजे एकेक ओळ, वरच्या ओळीने दिलेलं खालच्या ओळीने घ्यायचं आणि पुढे द्यायचं, एवढं साधं. माझं म्हणणं, पायऱ्या बाणापुढच्या पहिल्या शब्दाखालीच याव्यात. बाण लांब असला तर ओळी तेवढ्या उजवीकडे सरकतील. तुझं म्हणणं, बाण कोणताही असो, डावीकडे दोनच स्पेस, दोन अक्षरांची रिकामी जागा, म्हणजे ओळीची सुरुवात ठरल्या जागी सापडते. आठवडाभर डोकं खाल्लं आपण एकमेकांचं. शेवटी तू म्हणालास, “मले असंच बरं दिसते, संघप्रिया.” मी फटकन बोलून गेले, “तुले काय बरं दिसते त्याच्यावर नियम नाई ठरत.” तू अर्धा चहा तसाच ठेवून उठलास आणि एसटी पकडलीस. मी माझा नियम लावून टाकला. तुझ्या घरचे आपल्या लग्नाची बोलणी करायला येणार होते, तेही राहिलं.

मंगळवारी चंद्रपूरच्या बसस्टँडवर तू बाकावर बसलेला दिसलास. मी हात केला, तू सरळ समोर बघत राहिलास. ओळखही दाखवत नाही म्हणून मी फणकाऱ्याने वळले, तर तुझी बहीण, रिनाताई, मागून धावत आल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, ते त्यांच्याकडून कळलं. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढंच दिसतं, बाजूचं गेलंय, आणि उरलेलंही जाणार. केव्हापासून, मी विचारलं. तीन वर्षं, त्या म्हणाल्या. म्हणजे तेव्हा उजवीकडे सरकलेली प्रत्येक ओळ तुला शोधावी लागत होती, आणि मला वाटलं, तू सुंदर काय नि कुरूप काय याचा वाद घालतोयस. लाज वाटली रे. तुझ्यापर्यंत वीस पावलं मला चालवली नाहीत. तेवढ्यात तुमची गाडी लागली.

काल तो नियम बदलला. आता दोनच स्पेस. का बदलला, असं वापरणाऱ्या एकाने विचारलं, तर मी लिहिलं, प्रफुलला असंच बरं दिसतं. फार उशिरा लिहिलं.

माफी मागायची म्हणून हे पत्र. पण आता तुला वाचवत नाही म्हणे, ते रिनाताई वाचून दाखवतील. त्यांच्या तोंडून तुला ऐकवता येईल तेवढंच इथे आहे. बाकीचं सांगायला रविवारी येऊ का, एवढं त्यांच्या फोनवरून कळव. रिनाताई, खालचा पहिला शब्द जरा सावकाश वाचाल?

तुझीच,
संघप्रिया