धरलेली जागा

५ ऑक्टोबर

आलो बाई लातूरला एकदाचे! टेम्पोवाल्याने कपाट चढवताना जिन्याचा रंग खरवडला, घरमालकांचं तोंड वाकडं झालं, पण सोमेशनी त्यांच्या हातावर पेढ्यांचा पुडा ठेवला आणि प्रकरण मिटलं. माझ्या नवऱ्याला कधी कुठे काय ठेवावं हे बरोबर कळतं, स्वतःचा चष्मा सोडून. इथल्या तेलगिरणीत सोयाबीन खरेदीची नोकरी त्यांना लागली म्हणून हे घर. उदगीरच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोल्यांनंतर मला तर हॉलची खिडकी बघूनच भरून आलं.

खिडकीतून समोर कॉलनीची ओपन स्पेस दिसते. प्लॉट पाडताना सगळ्यांसाठी सोडलेली मोकळी जागा. मधोमध कडुनिंब, भोवती फिरायचा रस्ता, अर्धा फरशीचा आणि अर्धा मातीचा, आणि सिमेंटची बाकं. खरं सांगायचं तर अव्वांसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी, हे घर आम्ही त्या बाकांकडे बघूनच घेतलं. गुडघ्यांच्या ऑपरेशनपासून त्यांना जमिनीवर बसता येत नाही आणि फार वेळ उभंही राहवत नाही. रोज संध्याकाळी थोडं फिरायचं आणि बसायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. उदगीरला त्या दुकानाच्या ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीशी बोलायच्या. इथे बाक नाही मिळालं तर त्यांना दिवसभर भिंतीशीच बोलावं लागेल.

संध्याकाळी कडुनिंबाखालचं बाक त्यांनी पटकावलंसुद्धा. इरकल सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "मंजू, हितली हवा लई ग्वाड हाय बग." मी शेजारी बसून हे लिहितेय. रोजनिशी पर्समध्येच ठेवायची आणि इथेच लिहायची, असं ठरवलंय.

९ ऑक्टोबर

इथल्या बायकांचा एक ग्रुप आहे, 'आपुलकी परिवार'. शिक्षिका, डॉक्टरांच्या बायका, एक वकीलीणबाई. सगळ्यांच्या साड्यांना पिन जागच्या जागी. संध्याकाळी त्या कडुनिंबाभोवतीच्या बाकांवर बसतात, स्पीकर लावतात, वाढदिवस करतात. पुरुषांचीही पलीकडे अशीच बैठक आहे. म्होरक्या सिंधुवहिनी. आवाज इतका मऊ की त्या रागावल्या तरी माणूस थँक्यू म्हणेल.

त्यांची एक पद्धत मला आधी गमतीची वाटली. प्रत्येकीचा नाव भरलेला गुलाबी रुमाल आहे. ती येवो न येवो, रुमाल बाकावर असतो. त्यामुळे बाकं रिकामी दिसतात आणि बसायला एकही नसतं. बाहेरची माणसं येतात, रुमाल बघतात आणि फिरत राहतात. त्यात नवल काय म्हणा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा झाली, हे आपण सगळेच मानतो. मीही आजवर कधी कुणाचा रुमाल उचललेला नाही.

कंपाउंडच्या भिंतीशी, रस्त्याच्या मातीच्या भागात, एक बाई भाजीची पिशवी घेऊन उभी असते. धोंडाबाई नाव. उंच, डोकं भिंतीच्या वर निघतं. मला वाटलं कुणाची तरी वाट बघते. अव्वांनी तिला हाक मारून शेजारी बोलावलं, तर तिने बाकाकडे बघून नुसती मान हलवली.

१४ ऑक्टोबर

आज मी एक वाईट गोष्ट केली. लिहून टाकते म्हणजे सुटेन.

सिंधुवहिनींनी मला त्यांच्यात बसायला बोलावलं. मी इतकी हुरळले की पदर दोनदा नीट केला. तेवढ्यात पलीकडून अव्वांनी मला मोठ्याने हाक मारली, अर्धी कानडीत, आणि मिश्रीची डबी उघडली. दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं. सिंधुवहिनींनी विचारलं, त्या कोण. मी म्हणाले, गावाकडच्या आहेत, दुखणं दाखवायला आल्यात.

सासू म्हणाले नाही. माझ्या आजारपणात जिने मला न्हाऊ घातलं, तिला मी गावाकडची केलं. घरी येऊन त्यांना आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी कुटली. चटणीने काय होतंय.

१८ ऑक्टोबर

माझा रुमाल आला! 'मंजुश्री' असं भरलंय, कडेला छोटी फुलं. धुऊन गॅलरीत वाळत घातला आणि येता-जाता बघत राहिले. एवढ्या वयात रुमालाचं कौतुक, सोमेश हसले. हसायला काय झालं, पुरुषांच्या बैठकीतला त्यांचा निळा रुमाल त्यांनीही खिशात दोनदा चाचपला.

१९ ऑक्टोबर

कसं लिहू.

सिंधुवहिनी म्हणाल्या, आता आपली जागा धरा. बाकांवर सगळीकडे रुमाल होते. एकच जागा उघडी होती, कडुनिंबाखालची. अव्वा त्यांची फेरी मारायला उठल्या होत्या. सिंधुवहिनींनी त्या जागेकडे बोट केलं नाही, नुसतं माझ्याकडे बघून हसल्या.

मी रुमाल टाकला.

अव्वा काठी टेकत आल्या. रुमाल बघितला आणि थांबल्या. वाचता येत नाही त्यांना. आजूबाजूला बघितलं, कुणाचा असेल म्हणून. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्या किती वेळ उभ्या होत्या ते मी बघितलं नाही. मग सगळ्यांच्या आधी मीच घरी निघाले, त्यांना मागे टाकून.

२१ ऑक्टोबर

अव्वा कालपासून बसलेल्या नाहीत.

आधी वाटलं रुसल्यात. खुर्ची ओढून दिली, तर खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "तितं रुमाल हाय की गं. कशी बसू?" खुर्चीवर काहीही नव्हतं. पलंगावर बसा म्हटलं, तर तेच. मी खांदे धरून बसवायला गेले. गुडघे वाकले नाहीत. दुखत नव्हते, फक्त वाकत नव्हते.

लिंगपूजा बसून करायची असते. आज सकाळी त्यांनी उभ्याने केली. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, उजव्या हाताने विभूती, आणि पाय थरथरताहेत. पूजेशिवाय त्या पाणी घेत नाहीत. पूजा झाल्यावर शिवाची क्षमा मागत होत्या, उभं राहिल्याबद्दल. क्षमा कुणी मागायची होती! मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.

२३ ऑक्टोबर

डॉक्टरकडे नेलं. सांधे ठीक आहेत म्हणाले, मनाचं असेल, वय झालं की होतं.

त्याहून वाईट रात्रीच्या जेवणाला झालं. सोमेशनी ताट ओढलं आणि विचारलं, "अव्वा झोपली का गं?" अव्वा फ्रीजपाशी उभ्या होत्या, त्यांच्यापासून दोन हातांवर. मी म्हणाले, अहो, या काय! त्यांनी तिकडे बघितलं. त्यांची नजर अव्वांवरून फ्रीजवर गेली आणि तिथून भातावर आली.

लेकाला भात कमी वाढला एवढंच अव्वांनी मला खुणेने सांगितलं.

सोमेश चार-पाच दिवस रोज त्यांच्या बाकावर बसताहेत. रुमाल टाकल्यापासून मी मात्र एकदाही बाकावर बसले नाही. चहा उभ्याने घेते, काही तरी कारण सांगते. त्या सिमेंटकडे बघितलं तरी लाज वाटते. मला अव्वा अजून दिसताहेत, ते त्यामुळेच असेल का?

२५ ऑक्टोबर

आज धोंडाबाईकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तिचं डोकं भिंतीच्या वर येत नाही आता. डोक्याच्याही वर वीतभर भिंत आहे. खाली बघितलं तर लुगड्याचा काठ मातीवर गोळा झालाय आणि पाय— पाय कुठे संपतात ते कळेना.

जवळ गेले. ती म्हणाली, "तुमची म्हातारी बसायची ना, तिच्या पलीकडची जागा आदी माजी हुती. मग तितं रुमाल पडला." मी विचारलं, यातून सुटका कशी. म्हणाली, ज्यानं रुमाल टाकला त्यानंच उचलला तर सुटतं. मी म्हणाले, मग तुमच्या जागेवरचा का नाही कुणी उचलला? तर हसायला लागली. "बसल्यालं माणूस उटतं व्हय कदी?"

सिंधुवहिनींना म्हणाले, भिंतीजवळच्या बाईला काही तरी मदत करायला हवी. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, कुठली बाई? सगळ्याजणींनी भिंतीकडे बघितलं. खरंच कुणाला दिसत नव्हतं. खोटं बोलत नव्हत्या त्या.

रुमाल तेव्हाच उचलायला हवा होता. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. उद्या, म्हटलं. सगळ्या गेल्या की.

२७ ऑक्टोबर

उचलला नाही. काल वकीलीणबाईंचा वाढदिवस होता, केक माझ्या हातात दिला. कसं उठून जायचं?

आज भिंतीजवळ फरशी बसवून झाली. रस्ता पूर्ण झाला म्हणून टाळ्या वाजल्या. धोंडाबाई नाही. भाजीची पिशवी भिंतीला टेकून आहे, मेथी सुकलेली. मी टाळ्या वाजवल्या का? वाजवल्या. हात आपोआप—

२९ ऑक्टोबर

संध्याकाळी अव्वा घरात नव्हत्या. कडुनिंबाखाली सापडल्या, बाकासमोर, मातीत. चला म्हटलं. पाय उचलत नाहीत. ओढलं. इरकलीचा काठ मातीला टेकलाय.

"तुजाच रुमाल हाय नव्हं," म्हणाल्या. "म्या तवाच वळखला. गॅलरीत वाळत घातला हुतास की." मग म्हणाल्या, "बस की तू. माजं काय गं, म्हातारीचं."

तेव्हापासून माहीत होतं त्यांना. तेव्हापासून. त्यानंतरही शेंगदाण्याची चटणी गोड मानून खाल्ली माझ्या हातची—

लगेच उचलणार होते. पुरुषांची बैठक भरत होती. सोमेश हात हलवत होते, मला. फक्त मला.

३० ऑक्टोबर

सोमेश हिमायतनगरला, खरेदीला. फोन केला. तुमची आई मातीत चाललीय, या. ते म्हणाले, कोण?

पुन्हा सांगितलं. नाव सांगितलं, सिद्धम्मा. त्यांनी विचारलं, जेवलीस का, दमलीयस तू.

फावडं आणलं. माती निघते, पुन्हा भरते. अव्वा गुडघ्यांपर्यंत. इष्टलिंग तळहातावर घेऊन उभ्या. मला म्हणाल्या, ऊन लागंल, घरी जा.

आता फक्त रुमाल. आता कुणीही बघो. मी सगळ्यांना सांगणार, ही माझी सासू आहे, माझ्या अव्वा. ओरडून सांगणार.

३१ ऑक्टोबर

आले. सगळ्या होत्या. रुमालाला हात घातला— सिंधुवहिनींनी पाठीवर हात ठेवला. मंजूताई, किती घामेजलात, चहा घ्या, बसा दोन मिनिटं. मंजूताई म्हणाल्या. सरकून जागा केली सगळ्यांनी.

बसले. दोनच मिनिटं. चहा संपला की रुमाल उचलायचा.

अव्वा समोर आहेत. कमरेपर्यंत. माझ्याकडे बघताहेत. रागाने नाही. बरं झालं बसली बिचारी, असं—

उठते. एवढी ओळ झाली की—

बाक उबदार आहे. कुणीतरी गाणं लावलंय. सगळ्या किती मोकळ्या हसतात. मीही हसले.

अव्वा. अव्वा. अव्वा. लिहीत राहायचं म्हणजे—

छातीत एवढे दिवस काही तरी टोचत होतं, ते गेलं. लाज होती बहुतेक. कशाची ते— बरं वाटतंय. पहिल्यांदाच इतकं बरं वाटतंय.

कडुनिंबाखाली माती फार आहे. फरशी बसवून घ्यायला सांगते वहिनींना. मी कुणासाठी तरी उठणार होते आत्ता. नाव ओठांवर आहे. अ—